होजिअरी पँटला नाडी: काज आधी, नेफा नंतर

घरी शिवलेली होजिअरी पँट पहिले काही महिने नुसत्या इलॅस्टिकवर छान बसते. मग इलॅस्टिक सैलावतं. खिशात मोबाइल ठेवला की पँट एका बाजूला ओढली जाते, जिना चढताना एक हात कमरेशी जातो, आणि चांगल्या कापडाची, मेहनतीने शिवलेली ती पँट कपाटात मागे सरकते. नाडी असती तर तीच पँट कितीतरी दिवस अंगावर राहिली असती. म्हणून आता घरच्यांसाठी शिवलेली एकही पँट मी नाडीशिवाय मशीनवरून उतरवत नाही.

नाडी पँटमध्ये सगळ्यात शेवटी घालतात. त्यामुळे तिचा विचारही शेवटी केला तरी चालेल असं वाटतं, आणि नवशिक्यांची चूक तिथेच होते. नाडी बाहेर यायची भोकं नेफा (इलॅस्टिक आणि नाडी जाते ती कमरेची पोकळ पट्टी) दुमडण्याच्या आधी करावी लागतात, तेव्हा कापड सपाट आणि एकपदरी असतं. मी पहिली पँट पूर्ण शिवल्यावर नाडीची हौस केली आणि अख्खी कंबर उसवावी लागली. होजिअरीवरची टीप उसवणं सोपं नाही. टाके कापडाच्या फाशांत रुतून बसतात, आणि टाक्याऐवजी एक फासा जरी कापला गेला तरी तिथून भोक पडून खाली ओघळत जातं. तो त्रास तुम्हाला होऊ नये म्हणून खालचा क्रम जसा आहे तसा धरा.

कापड, सुई आणि दोरा

पॉपलिन, खादी यांसारख्या कापडांत उभे आणि आडवे धागे एकमेकांवरून-खालून जातात. होजिअरीची वीण स्वेटरसारखी असते, फाशात फासा अडकवलेला. म्हणून ती ताणते आणि सोडली की परत येते. आपल्याकडे मिळणारं असं बरंचसं सुती कापड तमिळनाडूतल्या तिरुपूरकडचं असतं. दुकानात ते सिंगल जर्सी, इंटरलॉक, रिब, लूपनिट अशा नावांनी मिळतं. बनियनचं पातळ कापड म्हणजे सिंगल जर्सी. ते कापल्यावर कडेने गुंडाळत जातं आणि नव्या हाताला दमवतं. पहिल्या पँटसाठी लूपनिट किंवा जाडसर इंटरलॉक घ्या. ती कापडं टेबलावर सपाट पडून राहतात, आणि काजही त्यांच्यावर नीट बसतं.

कापड किती ताणतं ते आधी बघून ठेवा. आडव्या दिशेने ४ इंचांचा भाग चिमटीत धरा आणि पट्टीवर ताणा. ५ इंचांपर्यंत आरामात गेलं आणि सोडल्यावर परत ४ वर आलं, तर पँटसाठी ते उत्तम. ताणून लांब झालं आणि तसंच राहिलं, तर त्या कापडाचे गुडघे दोन दिवसांत फुगतील.

कापड कापण्याआधी धुऊन, वाळवून घ्या. सुती होजिअरी आटते आणि लांबीत जास्त आटते. सुती नाडीही तशीच आटते, तेव्हा तीही याच वेळी भिजवा. रंगीत नाडी असेल तर ओल्या पांढऱ्या कापडात दाबून पाहा. रंग उतरला तर ती फिक्या पँटला वापरू नका, कारण तो डाग बरोबर पोटावर, काजाच्या आजूबाजूला पडतो आणि निघत नाही.

सुई बॉलपॉइंटची घ्या. साध्या सुईचं टोक धारदार असतं, ते फासे भोसकत जातं. बॉलपॉइंट सुईचं टोक किंचित गोल असल्यामुळे ती फासे बाजूला सारून मधून जाते. पातळ कापडाला ११ नंबर, लूपनिटला १४ नंबर. टाका मध्येच सुटत असेल, म्हणजे वरचा दोरा दिसतो पण खालचा अडकलेलाच नाही असं होत असेल, तर मशीनला दोष देण्याआधी सुई बदला. बहुतेक वेळा कारण तेवढंच असतं.

दोरा पॉलिएस्टरचा घ्या. सुती दोरा ताणाखाली तुटतो. पँट चढवताना कमरेपाशी ‘कट्’ असा आवाज आला, तर तो टीप तुटल्याचा असतो.

कोणती नाडी घ्यावी

पुण्यात तुळशीबाग-रविवार पेठेच्या बाजूला किंवा मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास शिवणसामानाच्या दुकानांत नाड्यांची रिळंच्या रिळं असतात, आणि नवीन माणूस तिथे रंगाला भुलतो. मी तुम्हाला आधी आकार बघायला सांगेन. चपटी, सुती, तीन ते चार सूत रुंद नाडी सगळ्यात चांगली. (शिंप्यांच्या भाषेत एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.) ती कमरेला रुतत नाही, नेफ्यात इलॅस्टिकवर सपाट पडते आणि तिची सुरगाठ टिकते. गुळगुळीत गोल पॉलिएस्टर दोरी दिसायला छान असते, पण चालता चालता सुटते. मग माणूस वैतागून निरगाठ मारतो आणि बाथरूमच्या दारात ती सोडत बसतो.

पँटच्याच कापडाची नाडी करायची इच्छा बहुतेकांना होते. सिंगल जर्सीची इंचभर रुंद आडवी पट्टी कापून ओढली की ती आपोआप गुंडाळून गोल दोरी होते, शिवायलाही लागत नाही. ती सुंदर दिसते, पण कापडाबरोबर तीही ताणते. त्यामुळे कंबर धरून ठेवण्याचं काम तिच्याकडून होत नाही. शोभेसाठी ठेवायची असेल तर खुशाल करा. काम करणारी नाडी रंग जुळवून घरीच करायची असेल, तर न ताणणाऱ्या सुती कापडाची दीड इंच रुंद पट्टी घ्या. दोन्ही कडा मधोमध आणून इस्त्री करा, परत दुमडा आणि कडेने टीप मारा. तीन सुतांची चपटी, मजबूत नाडी तयार होते.

लांबीचा हिशेब कमरेवरून करू नका, सीटच्या, म्हणजे नितंबांच्या सगळ्यात रुंद घेराच्या मापावरून करा. पँट चढवताना नेफा सीटवरून जाण्याइतका ताणतो, आणि तेव्हा नाडी अपुरी असेल तर तिची टोकं काजातून आत जातात. सीट अधिक १८ इंच हे माप मला बरोबर वाटतं. ३८ सीटला ५६ इंच, म्हणजे जवळपास दीड मीटर. मोठ्या मापाला दोन मीटर घ्या आणि शेवटी हवी तेवढी कापा.

मापं

उदाहरणासाठी कंबर ३२, सीट ३८ अशी पँट धरू. इलॅस्टिक सव्वा इंच रुंद. नेफा वेगळ्या पट्टीचा नाही, पँटचंच वरचं कापड आत दुमडून केलेला. नवशिक्यांसाठी हाच सोपा.

सव्वा इंची इलॅस्टिक आणि त्यावरून जाणारी नाडी यांना हलायला जागा हवी, म्हणून नेफा आतून दीड इंच ठेवायचा. होजिअरीचे धागे सुटत नाहीत, त्यामुळे कड परत आत मुडपण्याची गरज नाही. टिपेखाली पाव इंच उरलं की पुरे. म्हणजे दुमडीसाठी पावणेदोन इंच. पँटचा कागद, म्हणजे कापण्यासाठीचा कागदी आराखडा, काढताना कमररेषेच्या वर एवढं कापड जादा ठेवा.

आता काजाची जागा. कापडाच्या वरच्या कडेपासून पावणेदोन इंचांवर खडूने आडवी रेघ मारा. ही दुमडीची रेघ. दुमडल्यावर तिच्या वरचं कापड आत जाणार आणि खालचं बाहेर दिसणार. नेफ्याचा मध्य दुमडीच्या रेघेपासून पाऊण इंच खाली, म्हणजे वरच्या कडेपासून अडीच इंचांवर येतो. काज अर्धा इंच लांबीचं, उभं. ते वरच्या कडेपासून सव्वादोन इंचांवर सुरू होऊन पावणेतीनवर संपेल. समोरच्या मधल्या शिवणीपासून डावीकडे एक इंच आणि उजवीकडे एक इंच अशी दोन काजं.

इथे थांबून तपासा. कापड दुमडीच्या रेघेवर दुमडा, टाचण्या लावा आणि सुलट बाजूने बघा. खुणा बाहेरून दिसल्या पाहिजेत. रेघेच्या वर-खाली गफलत झाली तर काजं आतल्या बाजूला, पोटाकडे येतात. काही व्यायामाच्या पँटना मुद्दाम तशी आतून नाडी देतात, टी-शर्टवरून गाठ दिसू नये म्हणून. तुम्हाला तसं हवं असेल तर खुणा रेघेच्या वर पाऊण इंचावर करा. पण ते ठरवून व्हायला हवं.

काज उभंच का? नेफा सगळा आडवा ताणतो. आडवं काज त्या ताणाबरोबर लांबतं आणि त्याच्या कडांना लाटा येतात. उभ्या दिशेने कापड कमी ताणतं, म्हणून उभ्या काजाच्या कडा सरळ राहतात.

काजाच्या चार रीती

आधी फक्त समोरच्या दोन भागांची मधली शिवण जोडा. बाजूच्या शिवणी अजून नकोत. कापड सपाट असतानाच काजं उरकायची.

काज कुठल्याही रीतीने करा, पण त्यामागे आधार द्या. नुसत्या होजिअरीवरचं काज महिनाभरात तोंड वासतं, याला अपवाद मी पाहिलेला नाही. कापडाच्या उलट बाजूला, खुणेच्या मागे, दीड इंच चौरस फ्यूजिंगचा तुकडा इस्त्रीने चिकटवा. शर्टाच्या कॉलरमध्ये शिंपी वापरतात तसलं, पण पातळ. मध्ये सुती रुमाल ठेवा, इस्त्री घासू नका, दहा सेकंद दाबून उचला. फ्यूजिंग नसेल तर जुन्या सुती साडीचा किंवा पॉपलिनचा तेवढाच तुकडा धावदोऱ्याने लावून घ्या. त्यानेही काम होतं.

तुमच्या मशीनला काजाची सोय असेल तर पहिली रीत तीच. कापडाच्या खाली पातळ कागद ठेवा, पतंगाचा कागद उत्तम. त्यामुळे मशीनचे दाते कापड खाली खेचत नाहीत. शिवून झाल्यावर कागद फाडून टाका. टाके किंचित विरळ ठेवा, कारण फार दाट टाक्यांनी होजिअरी पसरते आणि काज नागमोडी होतं. पहिलं काज पँटवर कधीही करू नका. त्याच कापडाच्या तुकड्याला तसंच फ्यूजिंग लावून दोन-तीन काजं करून पाहा, त्यातून तुमची नाडी ओढून पाहा आणि मगच पँटला हात लावा. काज चिरताना दोन्ही टोकांना एकेक टाचणी आडवी लावा आणि टोकांकडून मध्याकडे चिरत या, म्हणजे हत्यार निसटलं तरी टाचणीला अडेल.

घरात जुनं काळं पायमशीन असेल, फक्त सरळ टीप मारणारं, तर दुसरी रीत हातकाज. काजाच्या भोवती एका सुताच्या अंतरावर धावदोऱ्याचा आयत घाला, मध्ये चिरा, आणि दुहेरी दोऱ्याने जवळजवळ काजटाके घालत फिरा. एका काजाला वीस मिनिटं लागतात. मला हे काम आवडतं. मशीनच्या काजापेक्षा हातकाज जास्त टिकतं आणि ताणलं तरी त्याचा आकार जात नाही.

तिसरी रीत सगळ्यात सोपी, आणि पहिल्या पँटसाठी मी तीच सुचवेन. यात काज करायचंच नाही. समोरची मधली शिवण घालतानाच वरून सव्वादोन इंच टीप मारा, मागे-पुढे करून ती पक्की करा, अर्धा इंच जागा मोकळी सोडा, परत टीप पक्की करून पुढची शिवण पूर्ण करा. शिवणीचे दोन्ही पदर उलगडून इस्त्री करा आणि मोकळ्या फटीच्या भोवती सुलट बाजूने छोटा आयत टिपेने काढा. नाडीची दोन्ही टोकं या एकाच फटीतून बाहेर येतात. आपल्या लेंग्याच्या नेफ्याला पुढे असते ती फट हीच.

चौथी रीत आयलेटची, म्हणजे धातूच्या रिंगांची. बाजारातल्या ट्रॅक पँटसारखी ती दिसते, म्हणून मुलांना तीच हवी असते. यात फ्यूजिंगबरोबर मागे एक न ताणणारं कापडही लावा. भोक रिंगेच्या नळीपेक्षा लहान पाडा आणि कापड ताणून नळीवर चढवा. भोक मोठं झालं तर कापड रिंगेतून सुटून येतं आणि मग पँट वाचवणं अवघड. रिंगा पितळेच्या घ्या. लोखंडी रिंग एका पावसाळ्यात गंजते आणि तिच्याभोवती तपकिरी वर्तुळ उमटतं. घरी हातोडीने ठोकण्यापेक्षा दुकानातल्या हातदाबाच्या मशीनवर बसवून घेणं बरं. फक्त पँट न्यायची ती एकपदरी अवस्थेत, नेफा दुमडण्याआधी.

नेफा शिवणं

काजं झाली की बाजूच्या, पायाच्या आतल्या आणि मागच्या शिवणी घालून पँट पूर्ण करा. मग दुमडीच्या रेघेवर कापड आत घडी करा, इस्त्री फिरवा आणि टाचण्या लावा. टाचण्या उभ्या लावल्या तर काढणं सोपं जातं.

टीप दुमडीपासून दीड इंचावर येईल. मशीनला झिगझॅग असेल तर रुंदी १, लांबी ३ ठेवा. टाका जवळजवळ सरळ दिसतो पण ताणतो. सरळ टीपच असेल तर टाका लांब ठेवा, दोऱ्याचा ताण थोडा कमी करा आणि शिवताना कापड पुढून-मागून हलकं ताणून धरा. हलकंच. जोरात ओढलं तर नेफा फ्रिलसारखा लहरी होईल. शिवल्यावर टीप ताणून पाहा. तुटली तर आत्ताच परत मारा.

मागच्या मधल्या शिवणीजवळ दोन इंच जागा उघडी ठेवा. इलॅस्टिक तिथून जाईल.

टीप मारताना समोर आलात की एकदा थांबून आत हात घाला. काजामागचा आधाराचा तुकडा टिपेत अडकला नाही ना, आणि काजाच्या मागे नेफ्याचा आतला पदर सरळ आहे ना, ते बघा. तिसरी रीत वापरली असेल तर शिवणीचे उलगडलेले पदर इथेच गोळा होतात.

आधी इलॅस्टिक, पण न कापता

ही युक्ती मला कुणी सांगितली नव्हती. बऱ्याच पँटनंतर ती सापडली, आणि तेव्हापासून नाडी घालण्याचं काम पाच मिनिटांचं झालं.

सगळे आधी इलॅस्टिक मापाने कापतात, त्याची रिंग जोडतात, आणि मग चुण्या पडलेल्या नेफ्यातून नाडी ढकलत बसतात. पिन प्रत्येक चुणीत अडकते. तसं करू नका. इलॅस्टिक नेफ्याच्या पूर्ण घेराइतकं, उलट थोडं जास्तच लांब ठेवा आणि सेफ्टीपिनने मागच्या उघड्या जागेतून फिरवून परत तिथेच बाहेर काढा. दोन्ही टोकं बाहेर लोंबू द्या, एकमेकांना पिन करून ठेवा. नेफा अजून सपाट आहे, चुण्या नाहीत. आता नाडी घाला.

डाव्या काजातून आत, पूर्ण कंबरेला फेरी, उजव्या काजातून बाहेर. काज बाहेरच्या पदराला असल्यामुळे नाडी आपोआप इलॅस्टिकच्या पुढून, म्हणजे इलॅस्टिक आणि बाहेरचं कापड यांच्या मधून जाते. बोटांनी चाचपत राहा. मध्येच ती इलॅस्टिकच्या मागे गेली तर वेढा बसतो, आणि नाडी ओढली की तिथे गाठोडं होतं. नाडीला पीळही पडू देऊ नका.

नाडी ओवायला मोठी सेफ्टीपिन चालते. माझी आजी जुना टूथब्रश वापरायची. पूर्वीच्या ब्रशच्या दांड्याला शेवटी एक भोक असायचं, त्यात नाडी बांधायची आणि दांडा नेफ्यातून सरकवायचा. तो गुळगुळीत असतो, कापडात घुसत नाही, आणि मध्येच उघडून बोटाला टोचतही नाही. तसा ब्रश कुठे मिळाला तर शिवणाच्या डब्यात जपून ठेवा.

नाडी दोन्हीकडून सारखी बाहेर आली की इलॅस्टिककडे वळा. नुसत्या इलॅस्टिकची पँट असती तर कमरेपेक्षा तीन इंच कमी घेतलं असतं. नाडी सोबतीला आहे, म्हणून एक-दीड इंच कमी पुरतं. ३२ कमरेला साधारण ३१ इंच आणि जोडासाठी एक इंच. पोटावर वळ उमटत नाही, ही नाडीची मोठी सोय. पँट अंगावर चढवून, इलॅस्टिक ओढून बघा, बसून बघा, मग खूण करून कापा. टोकं एकावर एक इंचभर ठेवून चौकोन आणि त्यात फुली अशी टीप मारा. ते आत सरकवा, चुण्या सगळीकडे सारख्या पसरवा आणि उघडी जागा शिवून टाका.

मागची उभी टीप

हे काम दोन मिनिटांचं, आणि नाडीचं आयुष्य त्यावर अवलंबून आहे. मागच्या मधल्या शिवणीवर, नेफ्याच्या वरच्या कडेपासून खालच्या टिपेपर्यंत, बाहेरचं कापड, नाडी, इलॅस्टिक आणि आतलं कापड या सगळ्यांतून एक उभी टीप मारा. मागे-पुढे करून ती पक्की करा. आता नाडीचं एक टोक कितीही ओढलं तरी ती निघून हातात येणार नाही.

इलॅस्टिक पिळू नये म्हणून बाजूच्या शिवणींवरही अशा टिपा मारायची अनेकांना सवय असते. मारायच्या असतील तर नाडी आत गेल्यानंतरच, आणि नाडी वर-खाली सरकवून तिला न टोचता, फक्त इलॅस्टिकच्या कडेवर. नाडीतून टीप गेली तर ती बाजूंना अडकते आणि मागचा भाग आवळता येत नाही. नाडी घालण्याआधी पूर्ण उभी टीप मारली तर वाटच बंद. ही चूक शिकवणीला आलेल्या मुलींकडून हमखास होते आणि दर वेळी उसवावं लागतं.

टोकांचं काय करायचं? सुती नाडीला साधी गाठ पुरते. व्यवस्थित हवं असेल तर टोकाला फेविकॉल लावून वर दोरा घट्ट गुंडाळा. इलेक्ट्रिकच्या दुकानात तारांवर चढवायची, उष्णतेने आकसणारी बारीक नळी मिळते. तिचा अर्ध्या इंचाचा तुकडा टोकावर चढवून गरम इस्त्री जवळ धरली की बुटाच्या नाडीसारखं टणक टोक तयार होतं. पॉलिएस्टर नाडी मेणबत्तीजवळ नेली की वितळून बंद होते. सुती नाडीवर हा प्रयोग नको, ती पेट घेते.

पट्टी वेगळी जोडायची असेल तर

वेगळ्या पट्टीचा नेफा दिसायला जास्त नेटका. पट्टी आडव्या ताणाच्या दिशेने कापा, रुंदी पावणेचार इंच: दीड आणि दीड, शिवाय दोन्ही कडांना तीन-तीन सूत शिवणीसाठी. लांबी पँटच्या वरच्या घेरापेक्षा दोन इंच कमी ठेवा आणि जोडताना पट्टी ताणून धरा. पट्टीचा जोड मागच्या मध्यावर येऊ द्या. काजाची खूण घडीपासून पाऊण इंचावर, बाहेर येणाऱ्या अर्ध्या भागावर. कुठला अर्धा बाहेर येणार हे खडूने पट्टीवर लिहून ठेवा, कारण कापलेल्या पट्टीचे दोन्ही अर्धे अगदी सारखे दिसतात.

कुणासाठी शिवताय त्यावर

ज्यांची कंबर बदलत राहते, गरोदर मुलगी किंवा आजारातून उठलेलं माणूस, त्यांच्यासाठी मी अखंड नाडी घालत नाही. इलॅस्टिक फक्त मागच्या भागापुरतं घेते, दोन्ही बाजूच्या शिवणींच्या मधलं, आणि त्याच्या दोन टोकांना नाडीचा एकेक तुकडा चौकोनी टिपेने जोडते. हे तुकडे समोरच्या काजांतून बाहेर येतात. बाजूच्या शिवणीवर इलॅस्टिकच्या टोकाशी उभी टीप मारली की सगळं जागच्या जागी राहतं. पोटावर इलॅस्टिकच नसल्यामुळे समोरचा भाग सपाट, मऊ बसतो, आणि घेर गाठीने हवा तेवढा सैल करता येतो.

सासऱ्यांच्या बोटांत आता गाठ सोडण्याचा जोर राहिलेला नाही. त्यांच्या पँटला पूर्ण इलॅस्टिक घालते, आणि नाडीचा लहान तुकडा एका काजातून आत, दुसऱ्यातून बाहेर काढून आतल्या बाजूने मधोमध टाक्याने पक्का करते. गाठ कायम बांधलेलीच. पँट नेहमीसारखी दिसते, त्यांना ती आवडते, आणि सोडायची वेळ कधी येत नाही.

लहान मुलांच्या बाबतीत मात्र कडक राहा. लोंबणारी नाडी घसरगुंडीच्या फटीत, सायकलच्या साखळीत, बसच्या दारात अडकते. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने १९९६ मध्ये मुलांच्या जॅकेट-स्वेटशर्टांच्या नाड्यांबद्दल मार्गदर्शक नियम काढले. त्यात कमरेची नाडी कपडा पूर्ण ताणल्यावर ३ इंचांपेक्षा जास्त बाहेर नसावी, टोकाला गाठ किंवा टॉगल नसावा, आणि अखंड नाडी मध्ये टाक्याने पक्की केलेली असावी, असं सांगितलं आहे. ते नियम वरच्या कपड्यांचे असले तरी पँट शिवताना मी तेच पाळते. पाच-सहा वर्षांच्या आतल्या मुलांना तर खरी नाडी देतच नाही. समोर नाडीच्या आकाराचा छोटा बो घट्ट शिवून टाकते, आणि आत फक्त इलॅस्टिक.

पँट मशीनमध्ये धुवायला टाकताना नाडीची दोन्ही टोकं सैल सुरगाठीने बांधून ठेवा, नाहीतर ती बाकीच्या कपड्यांना वेढे घालते. वाळत घालताना नेफा वर करून, सावलीत. कडक उन्हात आणि गरम इस्त्रीखाली इलॅस्टिकमधलं रबर लवकर मरतं. पुढे कधी ते बदलायची वेळ आली, तर मागची उभी टीप आणि तिथली शेवटी शिवलेली दोन इंचांची जागा उसवा (बाजूंना टिपा मारल्या असतील तर त्याही), जुनं इलॅस्टिक जोडापाशी कापा, नवीन त्याच्या एका टोकाला पिन करा, जुनं ओढत नवीन आत घ्या आणि उसवलेल्या टिपा परत मारा. नाडी बाहेर काढावी लागत नाही.